उसातली चारशे माणसं

मतदार यादीत मी पुरुष होते. वय बावन्न.

एक्क्याण्णव सालची थंडी होती. बोरीच्या शाळेच्या व्हरांड्यात याद्या डकवल्या होत्या, कारण बारा वर्षांनी झेडपीच्या निवडणुका लागणार होत्या. मी परभणीहून बी. ए. होऊन नुकतीच घरी आलेली, बाविसाव्या वर्षातली. आपलं नाव छापलेलं पाहायची हौस म्हणून गेले. बोट फिरवत फिरवत खाली आले... आणि थबकले. मनकर्णा दिनकरराव, पु., ५२.

"तब्येत लय चांगली राखलीय तुमी," शेजारून आवाज आला. "बावन्नचे वाटत न्हाई."

मी वळले. सावळा, उंच, कानावर पेन्सिल, बाहीवर शाईचा डाग. ओठांनी हसू दाबून धरलेलं, पण डोळ्यांतून ते सांडतच होतं.

"तुम्ही काय शोधताय?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"मेलेले. आमच्या पिंपळवाडीत जित्या माणसाची नावं गायब हायत, आन् मेलेले सगळे हजर." त्यानं खिशातून दुरुस्तीचा एक छापील अर्ज काढला. "आणा, तुमाला पुन्हा बाई करू. वडलाचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. पेन्सिल थांबली.

"म्हंजी... नाना?"

माझे वडील, नाना, तालुक्यात सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांचं नाव ऐकून माणसं एकतर सरळ उभी राहत, नाहीतर वाकत. हा नुसता गप्प झाला.

"मंग दरखास्त कामून द्यायलाव? नानाची एक चिठ्ठी गेली की उद्याच बाई व्हताल तुमी."

"मला माझ्या अर्जानं बाई व्हायचंय," मी म्हणाले.

तेव्हा तो हसला. मोकळं, मान मागे टाकून. आणि मला वाटलं – हा माणूस आणखी एकदा असा हसावा, एवढं काहीतरी आपल्याला बोलता यायला हवं.

त्याचं नाव सुग्रीव. नाव मला आधीपासून माहीत होतं. सात वर्षं तो जिंतूरच्या पक्ष कार्यालयात काम करत होता आणि नानांची भाषणं लिहीत होता. लोक टाळ्या वाजवत ती वाक्यं नानांची नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता ती कुणाची, ते मला डोळ्यांनी दिसलं होतं.

नानांना त्याचं बारीक अक्षर लागेना. भाषण मोठ्या अक्षरात उतरवून काढायचं काम मी मागून घेतलं. एकदा उतरवता उतरवता मी मध्येच एक वाक्य घुसवलं – 'जो दुसऱ्यासाठी लिहितो, त्यानं कधीतरी स्वतःचंही बोलावं.' नानांनी ते भर सभेत खणखणीत वाचलं. मंचाच्या कोपऱ्यात उभ्या सुग्रीवनं चमकून वर पाहिलं. बायकांच्या गर्दीत मला शोधलं... आणि मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल.

पुढच्या भाषणात, पीकपाण्याच्या परिच्छेदात, एक ओळ होती. 'शिवारात हिरवं दिसलं की कार्यकर्त्याला पुढचं सुचत नाही.' आदल्या सभेला मी हिरवी साडी नेसले होते. ती ओळ मी जशीच्या तशी उतरवली. नानांनी तीही वाचली, भुवया चढवून, गंभीरपणे. शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. मी पदर तोंडाशी धरून बसले.

पौषात येलदरीला मच्छीमारांच्या सोसायटीचा कार्यक्रम होता. नाना भाषणात, माय – नर्मदाबाई – बायकांत, आणि आम्ही दोघं धरणाच्या भिंतीवर. वारा झोंबत होता. खाली पूर्णेच्या पाण्यात एक होडी जाळं ओढत चालली होती.

"तुम्ही मला ताई म्हणत नाही," मी म्हणाले. "सगळं गाव म्हणतं."

"सगळ्या गावाला जमतं ते."

"मग काय म्हणता?"

"काहीच न्हाई. म्हून तर बोलायला उशीर होतो."

थोडं चालून झाल्यावर तो आपणहून सांगू लागला. तो उसाच्या फडात जन्मला होता, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. वडील व्यंकटी आणि आई धुरपदाबाई दरसाल दसरा झाला की पश्चिमेकडच्या एका कारखान्याला ऊस तोडायला जात, ते चैत्रात परतत. शाळेसाठी त्याला मामाकडं ठेवलं. वर्षातले सहा महिने त्यानं आई पाहिलीच नाही.

"नानानं शब्द दिलाय," तो म्हणाला. "या बारीला आपल्या गटातून तिकीट मलाच. एकदा निवडून आलो का..."

"का काय?"

"का नानापुढं खुर्चीवर बसून बोलता येतं. काही गोष्टी उभं राहून मागायच्या नसतेत."

"कोणत्या गोष्टी?"

तो पाण्याकडं बघत राहिला. "तुमाला ठाव हाय."

"ठाऊक असलं तरी ऐकायचं असतं माणसाला."

तो वळला. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी गमतीचं बोलून निसटणार. पण त्यानं फक्त माझं नाव घेतलं. "मनकर्णा..." आणि पुढचं त्याला सुचलं नाही. त्या दिवशी मी हिरवं नेसले नव्हते.

पुढल्या पंधरवड्यात आरक्षणाची सोडत निघाली. आमचा गट बायकांसाठी राखीव झाला.

सुग्रीव तिसऱ्या दिवशी नानांकडं आला. मी आतल्या दारात उभी होते. "मी न्हाई तर न्हाई," तो म्हणाला, "पर सुमनबाईला द्या. बालवाडी चालवतात, वीस वर्षं पक्षाचं काम करायल्यात. गावोगावच्या बाया वळखतेत त्यायला." नाना म्हणाले, "बघू. वरून ठरतंय."

वरून ठरलं ते माझं नाव. नानांनी कागद पुढं केला. "सही कर, मने. बाकी आमी बघतो."

मी सही केली. भ्याले म्हणून केली, असं सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण पत्रकावर माझा फोटो, खाली माझं नाव... ते पाहून मला बरं वाटलं होतं. आत कुठंतरी असंही वाटलं, की मी निवडून आले तर खुर्चीवर बसून मागता येईल ते मीच मागेन. इतकी मी भोळी होते. किंवा लबाड. अजून मला ठरवता आलेलं नाही.

बोरीच्या बाजारतळावर प्रचाराची पहिली सभा झाली. परभणीहून पक्षाचे जिल्ह्याचे साहेब आले होते. मी मंचावर, गळ्यात हार, मान खाली. आभाराला सुग्रीवचं नाव पुकारलं गेलं. तो माईकपाशी आला. हातात कागद नव्हता.

"सात वर्षं मी दुसऱ्याच्या तोंडानं बोललो," तो म्हणाला. "आज माझ्या तोंडानं बोलतो. साहेबांनी बायायला जागा सोडल्या म्हून टाळ्या घेतल्या. या जागा बायायला न्हाई दिल्या, घरायला दिल्या. ज्या बाया वीस वर्षं सतरंज्या अंथरायल्यात, त्यायनी त्या अंथरतच राहायच्या." लोक हलले. साहेबांनी नानांकडं पाहिलं. "विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन चौदा वर्षं व्हायली. नेते मोठ्या आळीत बोलतेत एक, भीमनगरात बोलतेत दुसरं. आन् मतदान कवा? ऊस तोडायच्या दिवसात. आमच्या एकट्या पिंपळवाडीची चारशे माणसं आज फडात हायत. त्यायचं मत कुणाला नको हाय, म्हून ते कुणी इचारलं बी न्हाई..."

माईक बंद झाला. तो तसाच बोलत राहिला, शिरा ताणून. मागच्या माणसांना ऐकू गेलं नसेल. मला सगळं ऐकू आलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी त्यानं आपल्या आईचा अर्ज भरला. अपक्ष.

माझा अर्जही त्याच दिवशी होता; जिंतूरच्या तहसीलमध्ये मी धुरपदाबाईंना पहिल्यांदा पाहिलं. अर्जापुरत्या फडावरून आल्या होत्या. काटक बाई, हातांवर उसाच्या पाल्यानं ओढलेले ओरखडे. बाकावर माझ्याशेजारीच त्यांना जागा मिळाली.

"तूच का नानाची पोर?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"सुगरिवानं सांगितलंय." त्या पुढचं बोलायच्या आधी इकडंतिकडं पाहून हळू झाल्या. "मला काय निवडून यायचं न्हाई पोरी. मला तर सही बी येत न्हाई. पोरगं म्हणलं, माय तुझं नाव कागदावर येऊ दे, तर म्हणलं येऊ दे. पर त्यो तुझं नाव घेतो ना... तवा त्याचा आवाजच बदलतो. म्हून सांगायले."

त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि अंगठा उमटवायला उठल्या.

मतदानाला आठ दिवस असताना दुपारच्या वेळी गावच्या वाचनालयात आम्ही भेटलो. आत कुणी नव्हतं. टेबलावर वर्तमानपत्रं पडली होती, त्यात आमची दोघांची पत्रकंही.

"मी नेत्याविरुद्ध बोलायलोय," तो म्हणाला. "तुमच्याविरुद्ध न्हाई."

"फोटो तर माझा आहे."

"मंग नाव मागं घ्यायचं व्हतं."

"आणि तुम्ही मला आधी सांगायचं होतं, की असं बोलणार आहे म्हणून."

तो खुर्ची ओढून जवळ आला, इतका की त्याच्या शर्टाचा उन्हात वाळल्याचा वास आला. "हे संपू द्या," तो हळूच म्हणाला. "हरू नाहीतर जिंकू, मी घरी येणार. नाना खुर्ची देवो न देवो."

"उभं राहून मागणार?"

"खाली बसून मागंन. झालं?"

मी हसले. त्यालाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात त्यानं ते सांगितलं. तोडीची टोळी नेणाऱ्या पंडित मुकादमाशी बोलणं झालं होतं. सहा ट्रक ठरले होते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी चारशे माणसं फडावरून निघणार, सकाळी पिंपळवाडीत उतरणार, मत टाकून परत जाणार. "कुणाला ठाव न्हाई," तो म्हणाला. "तुमालाच सांगितलं."

त्यानंतर चार दिवसांनी त्याच्या बाजूचं नवं पत्रक निघालं. माय ते भाजीसोबत घेऊन आली. भाषा त्याचीच होती. ती मला हजार कागदांत ओळखता आली असती. 'नेत्यांनी गटाला उमेदवार दिला नाही, बाहुली दिली. दोरी वाड्यात, नाचणार झेडपीत.'

बाहुली. येलदरीच्या भिंतीवर ज्याला माझ्या नावापुढचं सुचलं नव्हतं, त्याला हे सुचलं होतं.

त्या दिवशी जेवताना नाना माझ्यासमोर बसले. एरवी ते कार्यकर्त्यांत बसत. त्यांनी पत्रकाचा विषयही काढला नाही. भाकरी मोडत म्हणाले, "मने, उमेदवार तू हायेस. तुलाच इचारतो. ह्यो सुग्रीव कशाच्या भरवशावर उड्या मारायलाय? गणित तर जमत न्हाई त्याचं."

नानांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. कोणत्या कॉलेजात जायचं, हेही नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, खरंच उत्तराची वाट पाहत. आणि माझ्या डोक्यात तो एकच शब्द वाजत होता.

"उसातून चारशे माणसं येणार आहेत," मी म्हणाले. "सहा ट्रकनं."

"पंडित मुकादम?"

"हो."

नानांनी मान डोलावली. मायला म्हणाले, "ठेचा वाढ जरा." बस, एवढंच. हात धुऊन ते बाहेरच्या खोलीत गेले आणि परभणीला साहेबांकडं फोन लागायची वाट पाहत बसले; कारखान्यांपर्यंत साहेबांचा शब्द चालायचा. फोन लागेपर्यंत माझ्याकडं वेळ होता. मी उठून त्यांना म्हणू शकले असते – नाना, नका. मी ताट घासायला घेतलं.

मतदानाच्या दिवशी उमेदवार म्हणून मी गावोगाव फिरत होते. दुपारी एकच्या सुमारास आमची जीप पिंपळवाडीच्या फाट्यावर आली. सुग्रीव तिथं उभा होता, रस्त्याकडं तोंड करून. ट्रकचा आवाज आला की दोन पावलं पुढं यायचा. ट्रक निघून गेला की मागं सरायचा. मी जीपमध्ये मान खाली घातली. ड्रायव्हर म्हणाला, "सकाळी सातपासून हुबा हाय."

पिंपळवाडीच्या केंद्रावर ओळ नव्हती. म्हातारी माणसं, दोन-तीन बाळंतिणी. चार वाजता बायनाबाई नावाची आमची एक कार्यकर्ती धावत आली. "आली बघा, एकटीच आली." धुरपदाबाई होत्या. साडीवर धूळ, पायात वहाण नाही, चेहरा काळवंडलेला. चार एसट्या बदलून त्या पोहोचल्या होत्या. आत जाऊन शिक्का मारून आल्या आणि मला पाहून थांबल्या.

"गाड्या अडवल्या, पोरी," त्या म्हणाल्या. "माणसं चढली व्हती. लेकरं बी चढली व्हती. कारखान्याची माणसं आली, म्हणली खाली उतरा, जो जाईल त्यानं परत येऊ नये. कुणीतरी आधीच सांगितलं व्हतं त्यायला." बोटावरच्या शाईकडं पाहत त्या म्हणाल्या, "मी म्हणलं, मी तर उमेदवार हाय. मला कसं अडवता."

"पाणी देऊ मावशी?" मी विचारलं. मला दुसरं काही विचारायचं धाडस नव्हतं.

"दे."

त्या घटाघटा प्यायल्या आणि तांब्या परत देताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

मी दोनशे अकरा मतांनी निवडून आले. गुलाल उधळला, ताशे वाजले. साहेबांनी मंचावर मला 'आपली रणरागिणी' म्हटलं. घरी आल्यावर मायनं माझी दृष्ट काढली. केसांतला गुलाल तीनदा धुतला तरी पाणी लालच येत होतं.

तिसऱ्या दिवशी कळलं, की सुग्रीव आईसोबत फडावर चाललाय. पक्षानं त्याला काढलं होतं, कार्यालयाला कुलूप बदललं होतं, आणि फडावर मुकादमानं व्यंकटी-धुरपदाबाईंच्या जागी दुसरी जोडी घ्यायच्या आत त्यांना पोहोचायचं होतं. मी बसस्टँडवर गेले. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. झेडपीची सदस्य होते मी, मला कोण विचारणार.

धुरपदाबाई एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. तो खाली, दोन गाठोडी चढवून देत होता.

"ट्रकचं नानांना मी सांगितलं," मी म्हणाले. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही.

त्याचा हात गाठोड्यावर तसाच राहिला. कंडक्टर चहा संपवत होता.

"इचारलं म्हून सांगितलं," तो शेवटी म्हणाला, "का सांगावं वाटलं म्हून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "सांगावंसं वाटलं," मी म्हणाले. "तुम्ही बाहुली लिहिलं होतं."

"व्हय. लिहिलं." त्यानं गाठोडं वर ढकललं. "ते चुकलंच. बाहुली असत्याव तर गप बसल्या असत्याव."

"सुग्रीव, मी राजीनामा देते. आत्ता, आज..."

"आन् मंग? चारशे माणसं मागच्या तारखेला मतं टाकून येतेत का?" तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला त्याला धरता आलं असतं. "तुमच्यावर माझा लय जीव व्हता, मनकर्णा. हे येलदरीला म्हणायचं राहून गेलं, म्हून आज म्हणतो. आता ते काही कामाचं न्हाई. तरी म्हणून ठेवतो."

"आहे की होता?"

त्यानं खिडकीकडं पाहिलं. आई आमच्याकडं बघत होती, कौतुकानं, काही न कळता.

"मायला सांगू नका," तो म्हणाला. "तिला तुमी आवडलाव." आणि तो गाडीत चढला.

मी राजीनामा दिला नाही. पहिल्या सर्वसाधारण सभेत मी उठून विचारलं, की ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या मतांचं काय करायचं. अध्यक्ष म्हणाले, हा विषय आपल्या कक्षेत नाही, बसा. मी बसले. पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा बसले. तिसऱ्या सभेपर्यंत नानांनी माझी सोयरीक ठरवली होती – साहेबांच्या नात्यातलं घर होतं, नाही म्हणायला कुणी जागा ठेवली नव्हती. मीही फार शोधली नाही.

लग्न वैशाखात झालं, बोरीलाच. मांडवात साहेब आले, दोन आमदार आले. नानांनी गटातल्या एकूण एक गावाला अक्षता पाठवल्या होत्या, पिंपळवाडीलाही. माणसं उसातून केव्हाच परतली होती. ती चारशेच्या चारशे त्या दिवशी गावातच होती, बोरीपासून दीड कोसावर. त्यांतलं एकही माणूस जेवायला आलं नाही.